घरातील आवाज आणि शेजारधर्म

हरसूल येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांची नोंद, वर्षाच्या हिशेबाचे वाचन हे विषय आपल्या मेळाव्यात दरवर्षी येतात आणि ते यावयासच हवेत. यंदा कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविलेला विषय त्या मानाने किरकोळ वाटण्याजोगा आहे. घरातून निघणारा आवाज आणि त्याचा शेजाऱ्यास होणारा उपद्रव, असा तो विषय. तथापि तो किरकोळ म्हणून बाजूस सारावा असे आम्हांस वाटत नाही. भावाभावांत शेताच्या बांधावरून तंटा होतो, तो निदान मोजणीदार येऊन मिटवितो. शेजाऱ्याशेजाऱ्यांत आज जो अबोला धरला जातो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा रात्रीचा आवाज असतो. आणि आवाजाचा बांध मोजून देणारा मोजणीदार सहसा आपल्या आळीत येत नाही. तो बांध आपला आपणच घालावयाचा आहे. तो कोठे व कसा घालावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम एक समजूत दूर करू. जुन्या काळी गावे शांत होती आणि आता ती गोंगाटाची झाली, असे आपण सहज म्हणून जातो. हे अर्धेच खरे आहे. पहाटे जात्याची घरघर, उखळात मुसळाचे घाव, गुरांच्या गळ्यांतील घंटा, विहिरीवरच्या राहाटाची करकर यांनी जुने गाव दणाणून जात असे. आपले हरसूल तर सह्याद्रीच्या पश्चिम अंगाचे, दांडग्या पावसाचे. पत्र्यावर आषाढाची सर उतरली म्हणजे घरातल्या घरात बोललेले ऐकू येत नाही. शिवाय सभोवारच्या पाड्यांची ही बाजारपेठ. बाजाराच्या दिवशी येथे शांतता कोण शोधील? मग त्या वेळी कोणी आवाजाबद्दल कुरकुर का करीत नसे? आमच्या मते त्याचे कारण असे की, साऱ्या गावाचे घड्याळ एक होते. जात्याच्या आवाजाने ज्याची झोप मोडे, त्याला त्याच घटकेला उठावयाचे असे. दिवेलागणीनंतर जेवणे उरकली की सारी आळी एकदमच आडवी होई. आवाज होता, परंतु तो सर्वांच्या दिवसाचा होता.

आज एकाच आळीत चार घड्याळे चालतात. कोणाचा मुलगा नाशिकला सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीवर आहे. तो रात्रपाळी करून सकाळी येतो आणि दुपारी झोपतो. कोणी द्राक्षबागांच्या हंगामात तांबडे फुटण्यापूर्वीच जीपमध्ये बसून दिंडोरी-निफाडकडे कामाला निघतात. कोणाची मुलगी दहावी-बारावीची किंवा स्पर्धापरीक्षेची तयारी करीत मध्यरात्रीपर्यंत वाचीत बसते. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, त्यांना दिवस काय आणि रात्र काय, सारखीच. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र झाली आहे. म्हणून आजच्या आवाजाचा प्रश्न हा बहुतांशी वेळेचा प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे आहे. आपला आवाज किती मोठा, हे विचारण्याइतकेच, तो ज्या घटकेला होतो ती घटका कोणाची आहे, हेही विचारणे अगत्याचे आहे.

आपल्या या पट्ट्यातील बोहाड्याचेच उदाहरण घ्या. रात्र रात्र सोंगे नाचतात, संबळ वाजतो, लहान मूलसुद्धा डोळे तारवटून बसलेले असते. पण दुसऱ्या दिवशी कोणी झोपमोड झाल्याची तक्रार करीत नाही. कारण ती रात्र साऱ्या गावाने मिळून निवडलेली असते, तिची वार्ता आधीपासून असते आणि तिला अंत असतो. याच्या उलट, एखाद्या घरी वाढदिवसानिमित्त रात्री १२ वाजता अचानक भोंगा लागतो, तो त्या मानाने चिमुकला असला तरी सहन होत नाही. कारण ती रात्र एकाने निवडली आणि चाळीसांवर लादली. पूर्वसूचना, संमती आणि ठरलेला शेवट या तीन गोष्टी असल्या की मोठा आवाजही सुसह्य होतो. त्या नसल्या तर नळाखाली घासलेली भांडीसुद्धा कपाळात जातात.

आता आवाजाचे माप पाहू. आवाज डेसिबल या मापाने मोजतात. हे माप फूटपट्टीसारखे सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दसपट होते, आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा भासतो. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. स्वयंपाकघरातील मिक्सर जवळून ऐकता ८० डेसिबलच्या पुढे जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. या साध्या हिशेबाने, मांडवातील ध्वनिक्षेपक एका मीटरवर १०० डेसिबल देत असेल, तर तो ४५ डेसिबलपर्यंत उतरावयास अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर लागते. मध्ये भिंती आल्या, वारा उलटा असला तर हिशेब थोडा बदलेल. परंतु मांडव आपल्या दारात आहे म्हणून आवाजही आपल्या दारातच राहील, ही समजूत किती भाबडी आहे, हे यावरून ध्यानी येईल. हरसूलसारख्या गावात अर्ध्या किलोमीटरमध्ये किती घरे आहेत, हे श्रोत्यांनी मनाशी मोजावे.

या मापांना आरोग्याची बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत, झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, आणि मधूनच होणारा एखादा आवाजही ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे सुचविले आहे. माणूस जागा झाला नाही तरी झोपेत त्याच्या नाडीचे ठोके आवाजासरशी वाढतात. शरीर ऐकत असते, मन मात्र निजलेले असते. कानाच्या बाबतीत, ८५ डेसिबलमध्ये दिवसाचे ८ तास काम करणे ही मर्यादा अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या तज्ज्ञांनी मानली आहे. त्यावर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलपाशी ती केवळ पाव तासाची उरते. वरातीत ध्वनिक्षेपकापुढे दोन-दोन तास नाचणाऱ्या तरुणांनी आणि खांद्यावर तान्हे मूल घेऊन मागे चालणाऱ्या त्यांच्या आप्तांनी हा हिशेब अवश्य करावा.

मुलांच्या अभ्यासाविषयी एक जुना पण बोलका दाखला आहे. न्यूयॉर्क शहरात एका शाळेच्या एका बाजूने उंच पुलावरून आगगाडी जात असे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी या संशोधकांनी १९७५ साली असे दाखवून दिले की, रुळांच्या बाजूच्या वर्गांतील सहावीची मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे, जवळजवळ एक वर्षाने, पडली होती. शाळा तीच, पुस्तके तीच, फरक आवाजाचा. पुढे रुळांखाली रबरी गाद्या घातल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आवरण बसविले, आणि १९८१ साली पुन्हा पाहता तो फरक नाहीसा झालेला आढळला. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, आवाजाने होणारे नुकसान भरून येते. मात्र कोणी तरी ते भरून काढण्याचे मनावर घेतले पाहिजे. ज्या मुलामुलींचा आपण आज या व्यासपीठावर सत्कार केला, त्यांनी ते गुण शेजारच्या दूरचित्रवाणीच्या कल्लोळात मिळविले की शांततेत, हे आपण त्यांना कधी विचारतो काय?

आता कायद्याचा विचार करू. आपल्या देशात ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम २००० साली झाले. त्यांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचे किमान १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र गणले जाऊ शकते. तेथे ही मर्यादा ५० आणि ४० अशी आहे. ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी लागते. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. घरगुती हळदीचा किंवा वाढदिवसाचा त्या सवलतीशी काही संबंध नाही. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्रीचे हॉर्न, आवाजाचे फटाके आणि बांधकामाची कर्कश यंत्रे यांवरही निर्बंध आले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या विषयावर जो विस्तृत निर्णय दिला, त्याचा आशय प्रत्येक घराने जाणावा असा आहे. आपल्या घरातसुद्धा, घराबाहेर जाऊन शेजाऱ्यास उपद्रव देईल असा आवाज करण्याचा हक्क कोणी सांगू शकत नाही. शांततेने जगणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर याच नियमांची कसोशीने अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मुंबईतील रहिवासी संस्थांच्या अर्जावर निर्णय देताना, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे असे सांगितले, आणि तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असेही बजावले. शेजाऱ्याचा रोष ओढवेल या भीतीने गप्प बसणाऱ्या माणसाला हा मोठाच आधार आहे.

एवढे असूनही कायद्याची मर्यादा ओळखली पाहिजे. हे नियम मुख्यतः भोंग्यासाठी, फटाक्यांसाठी, हॉर्नसाठी झालेले आहेत. पहाटे ४ वाजता फिरणाऱ्या मिक्सरला, रात्री सरकविलेल्या खाटेला, धाडकन लोटलेल्या पत्र्याच्या दरवाज्याला कोणता अंमलदार येऊन आवर घालणार? आणि समजा तो आला, तरी तो निघून गेल्यावर भिंतीपलीकडे तोच शेजारी राहावयाचा आहे. जर्मनीसारख्या देशात रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारचा सारा दिवस शांततेचा मानतात. सुट्टीच्या दिवशी भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र चालविणे तेथे बेकायदेशीर ठरते, आणि तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही ते पाळतात. परंतु नियम पक्के असलेल्या देशांतही मने सांभाळली नाहीत तर काय होते, याचा दाखला जपानमध्ये आहे. १९७४ च्या ऑगस्टमध्ये हिरात्सुका गावी, त्याच इमारतीत वाजणाऱ्या पियानोच्या आवाजाने वैतागलेल्या एका रहिवाशाने एका आईला आणि तिच्या दोन लहान मुलींना ठार मारले. त्या कृत्याचे समर्थन कोणी करू शकणार नाही. पण साठत गेलेली, कधी समोरासमोर न बोललेली चीड कोणत्या थराला जाते, हे त्या देशाने तेव्हा पाहिले आणि तेथील घराघरांत आवाजाचा विचार गंभीरपणे सुरू झाला. तक्रार लहान असते तेव्हाच बोलली गेली पाहिजे, हा त्यातला बोध आहे.

तेव्हा आपल्या हातात काय आहे ते पाहू. पहिली गोष्ट घराच्या बांधणीची. आपल्याकडील जुन्या घरांत कारवीच्या कुडाच्या भिंती असत. आता विटा आणि पत्रे आले. एका ओळीत बांधलेल्या घरांत मधली भिंत पुष्कळदा छपरापर्यंत पोहोचतच नाही. आढ्यापाशी मोकळी फट राहते आणि दोन्ही घरांचे बोलणे तिच्यावरून ये-जा करते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली अर्ध्या विटेची भिंत ४० डेसिबलच्या आसपास आवाज अडविते. परंतु त्या भिंतीचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी ती २० डेसिबलहून अधिक अडवू शकत नाही, मग ती कितीही जाड असो. म्हणून भिंत जाड करण्याआधी फट बुजवावी. दाराखालची फट, पाइपाभोवतालचे भोक, आढ्याखालची पोकळी ही सिमेंटने वा मातीने बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. धूर आणि हवा बाहेर जाण्याची वाट मात्र बाहेरच्या बाजूने शाबूत ठेवावी.

दुसरी गोष्ट दणक्याच्या आवाजाची. मिक्सर, घरघंटी, पाण्याचा पंप, शिलाईयंत्र यांचा आवाज हवेतून जातो, तसा जमिनीतून आणि भिंतीतूनही जातो. त्यांच्याखाली जाड रबराचा तुकडा किंवा चार पदरी घडी केलेले पोते घालावे आणि त्यांना सामाईक भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. दूरचित्रवाणीचा संच आणि ध्वनिक्षेपक सामाईक भिंतीवर टांगू नये. ती भिंतच मग ढोलासारखी वाजते. त्या भिंतीला कपाट, पुस्तकांची फळी वा गोधड्यांची चळत लावावी. खाटा आणि खुर्च्यांच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवावेत. दरवाज्याच्या चौकटीला कापडी पट्टी चिकटवली की धाडकन होणारा आवाज मरतो. अंड्यांचे रिकामे पुठ्ठे भिंतीला लावल्याने आवाज थांबतो, असे पुष्कळांना वाटते. ती समजूत खोटी आहे. त्याने खोलीतला घुमार थोडा कमी होईल, पलीकडे जाणारा आवाज थांबणार नाही.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराची, आणि ती आम्ही मुद्दाम वेगळी काढली आहे. आळीत आवाजाची तक्रार निघाली की बोट बहुधा घरच्या बाईकडे जाते. हिची भांडी आपटतात, हिचा कुकर शिट्ट्या देतो, हिचा मिक्सर कोंबड्याच्या आधी आरवतो. परंतु ती बाई ४ वाजता हौसेने उठत नाही. ज्याला पहाटेची पहिली गाडी गाठावयाची आहे त्याचा डबा, ज्या मुलाला शाळेला जावयाचे आहे त्याची भाकरी, आणि नळाला अवेळी येणारे पाणी, या तिन्हींनी तिची पहाट ठरविलेली असते. तिला दोष देण्याऐवजी घरातल्या पुरुषांनी आदल्या रात्री चटणी वाटून ठेवावी, भांडी रात्री ९ च्या आत घासून ठेवण्यास हात लावावा, पाणी भरण्याच्या पिंपात नळी खोलवर सोडावी म्हणजे धारेचा आवाज होणार नाही. आवाज कमी करणे म्हणजे बाईने अधिक जपून वागणे, असा अर्थ आपण केला, तर आपण एक उपद्रव मिटवून दुसरा अन्याय निर्माण केला, असे होईल.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. सर्व आवाज हे उपद्रव नव्हेत. तान्ह्याचे रडणे, दमेकऱ्याचा खोकला, मनाने अपंग असलेल्या मुलाचे ओरडणे, वेदनेने कण्हणारी आजी यांच्या आवाजाबद्दल तक्रार करणे हे शेजारधर्मास शोभणारे नाही. तेथे तक्रारीच्या जागी चौकशी हवी. आणि काही आवाज तर असे असतात की ते ऐकूनही न ऐकल्यासारखे करणे हे पाप होय. वर सांगितलेल्या २००५ च्या निर्णयाचा आरंभ कशातून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला; तिने मदतीसाठी मारलेल्या हाका शेजारी लागलेल्या ध्वनिक्षेपकाच्या गाण्यांत बुडून गेल्या. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. १९९८ च्या आरंभी वर्तमानपत्रांत ही बातमी आली आणि अनिल मित्तल नावाच्या एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. शांतता कशासाठी हवी, याचे याहून गंभीर उत्तर आम्हांस ठाऊक नाही. शेजाऱ्याची हाक ऐकू यावी, यासाठी ती हवी. भिंतीपलीकडे मारहाण होत असेल, सुनेचे किंवा मुलाचे ओरडणे ऐकू येत असेल, तर तो त्यांच्या घरचा मामला म्हणून आपली दूरचित्रवाणी मोठी करू नका. दार ठोठावा, तेवढे धैर्य नसेल तर ११२ या क्रमांकावर पोलिसांस, १०९८ वर बालकांच्या मदतीस किंवा १८१ वर स्त्रियांच्या मदतीस कळवा.

आता आम्ही या मेळाव्याच्या खऱ्या विषयाकडे येतो. स्वयंपाकघराचा आणि खाटेचा आवाज घरोघरी सुधारता येईल. परंतु हळदीच्या रात्रीचा, वरातीचा आणि बारशा-वाढदिवसाचा मोठा आवाज एकट्या कुटुंबाला कमी करता येत नाही, ही वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. तो प्रतिष्ठेचा झाला आहे. अमक्याच्या घरी डीजे होता, मग आमच्या घरी साधा संबळ कसा? मुलीच्या बापाला आवाज नको असतो, खर्चही नको असतो. पण लोक काय म्हणतील या भयाने तो कर्ज काढून भिंतभर ध्वनिक्षेपक आणतो. आणि ज्यांच्यासाठी आणतो, त्यांतले निम्मे लोक कानात बोटे घालून घरी जाण्याची वाट पाहत असतात. येथे पहिले पाऊल टाकणाऱ्याला हसे होण्याची भीती असते. सर्वांनी एकदम पाऊल टाकले तर हसावयास कोणीच उरत नाही. हे एकदम पाऊल टाकविणे, हेच तर ज्ञातिमंडळाचे काम आहे. हुंडा, मानपान, जेवणावळी यांच्या बाबतीत अनेक समाजांच्या मंडळांनी जे प्रयत्न केले, त्यांतील तत्त्व हेच होते: जे एकट्याला लाजिरवाणे, ते सर्वांनी ठरविले की भूषणावह.

यास्तव आम्ही मंडळापुढे चार सूचना ठेवतो. पहिली अशी की, मंडळाची लग्नाची भांडी, सतरंज्या आणि मांडवाचे सामान जे कुटुंब नेईल, त्याने रात्री १० वाजता वाद्ये व ध्वनिक्षेपक बंद करण्याचा शब्द द्यावा, आणि भांड्यांच्या वहीत तशी सही करावी. भांडी मोजून परत घेतो, तसा शब्दही मोजून परत घ्यावा.

दुसरी सूचना अशी की, कार्य असलेल्या घरच्या एका पुरुषाने आणि एका स्त्रीने चार दिवस आधी आजूबाजूच्या घरी, मग ती कोणत्याही जातीची वा धर्माची असोत, स्वतः जाऊन किती वाजता आरंभ आणि किती वाजता शेवट हे सांगावे. आणि घरात आजारी, बाळंतीण वा परीक्षार्थी कोणी आहे काय, हे विचारावे. अक्षता देण्यास आपण गावभर फिरतोच. त्याच फेरीत हे एक वाक्य अधिक बोलावयाचे आहे.

तिसरी सूचना परीक्षेच्या दिवसांची. फेब्रुवारी आणि मार्च हे दहावी-बारावीचे महिने. त्या काळात ज्या आळीत परीक्षार्थी आहे, तेथे सायंकाळी ७ नंतर कोणत्याही घरगुती कार्यात ध्वनिक्षेपक लावू नये. लग्नाचा मुहूर्त शोधताना आपण ज्योतिषाला विचारतो. शेजारच्या मुलीच्या परीक्षेचे वेळापत्रकही एकदा पाहावे.

चौथी सूचना अशी की, प्रत्येक आळीत एक वडील गृहस्थ आणि एक वडील बाई यांनी आवाजाच्या तक्रारी ऐकाव्यात. तक्रार नावाने न सांगता, चहाच्या निमित्ताने जाऊन सांगावी. दोनदा सांगूनही फरक पडला नाही, आणि नियमांचा सरळ भंग होत असेल, तर पोलीस ठाण्यास कळविण्यास कोणी कमीपणा मानू नये.

यावर दोन आक्षेप येतील, ते आम्ही आधीच घेतो. कोणी म्हणेल, दुसऱ्या समाजांचे काय? त्यांचे भोंगे चालतात, मग आपणच का गप्प? याला उत्तर असे की, हा नियम आपण आपल्यापुरता करीत आहोत. दुसऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी केलेला शांततेचा नियम हाच पुढे भांडणाचे कारण होतो. ज्याचे घर रात्री १० वाजता शांत होते, त्याच्या तोंडची विनंती दुसऱ्याला ऐकावीशी वाटते. कोणी म्हणेल, आनंदाच्या प्रसंगी आवाज नको तर काय मौन पाळावे? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. दिवसा वाजतगाजत वरात निघू द्या, बायकांनी हळदीची गाणी म्हणू द्यात. मोठ्या ध्वनिक्षेपकांनी ती गाणी बुडविली आहेत. दहाच्या ठोक्याला ते बंद झाले, तर मांडवातल्या वृद्ध आत्याबाईंना त्यांची गाणी निदान एकमेकींना ऐकविता येतील.

शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. एके काळी आपल्या आळीचे घड्याळ एक होते, ते आता परत येणार नाही. येऊही नये, कारण रात्रपाळीचा पगार, द्राक्षबागेची मजुरी आणि मध्यरात्रीचा अभ्यास यांवरच आपली पुढची पिढी वर येत आहे. वेगवेगळ्या घड्याळांनी एका भिंतीच्या दोन बाजूंस राहावयाचे, तर शेजाऱ्याचे घड्याळ आपल्याला माहीत पाहिजे. आजच्या सभेनंतर घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने डावीकडच्या आणि उजवीकडच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा, की आपल्याकडे कोण किती वाजता झोपते? एवढे कळले म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम मंडळाने या सूचनांवर आजच ठराव करून करावे, अशी नम्र विनंती आहे.